पॉइंट नऊ

थकलेल्या माणसाची कुणाला दया येत नाही. ताप हात लावला की कळतो, मोडलेल्या पायाला प्लास्टर असतं, पण थकवा तोंडाने सांगावा लागतो, आणि सांगितला रे सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतं, हं, कामाच्या नावाने बोंब दिसतेय. मापताईंनी हे चेहरे एकोणीस वर्षं पाहिले होते. त्या एका छोट्या लॅबसाठी घरोघरी जाऊन तपासणीचं रक्त काढायच्या. सकाळी साडेसहाला पहिलं घर. उपाशीपोटी बसलेला पेशंट, दंडाला रबरी पट्टा, शीर चाचपायची, सुई, दोन-तीन नळ्या, कापसाचा बोळा, "दाबून धरा, चोळू नका", की निघाल्या पुढच्या घरी. तपासणी कशासाठी म्हणून विचारलं तर दहातले सहा जण म्हणायचे, अंगात दम नाही हो. मागे उभं असलेलं घरातलं माणूस तेव्हा हमखास छताकडे बघायचं.

मापताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते लॅबमधल्या तंत्रज्ञाने ठेवलं आणि सगळीकडे रूढ झालं. त्यामागे एक रीत होती. रक्त मोजणाऱ्या मशीनला अधूनमधून ओळखीचं रक्त दाखवावं लागतं, म्हणजे ते बरोबर मोजतंय की मनाला येईल ते सांगतंय हे कळतं. त्यासाठी कंपनीची बाटली मिळते. तिच्यावर आकडा छापलेला असतो, मशीनने तोच सांगितला की कामाला लागायचं. बाटली महाग, आणि उघडली की थोड्याच दिवसांत खराब होणारी. लॅबच्या डॉक्टरसाहेबांनी एका वर्षी ती मागवणं बंद केलं आणि तंत्रज्ञाला म्हणाले, बघा काहीतरी जुगाड.

तंत्रज्ञ मुळात डोकेबाज. त्याने ताईंचं रक्त मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमधून तीनदा तपासून आणलं. तिन्ही वेळा क्रिएटिनिन आलं पॉइंट नऊ. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला केर. किडनी तो रोज झाडून बाहेर टाकते, आणि केर वाढलेला दिसला की समजायचं, झाडणारा थकलाय. ताईंच्या रक्तात केर असावा तेवढाच होता. "तुमचं रक्त म्हणजे खांब आहे ताई," तंत्रज्ञ म्हणाला, "हलतच नाही."

झालं. तेव्हापासून दर सोमवारी लॅब उघडली की पहिली नळी ताईंची. मशीनने पॉइंट नऊ सांगितलं तर ठीक. एक पॉइंट शून्य सांगितलं, तर मशीन प्रत्येक मोजमापाला ज्या आकड्याने गुणतं, ज्याला ते लोक फॅक्टर म्हणतात, तो तंत्रज्ञ जरासा खाली आणायचा आणि गाडी पुन्हा पॉइंट नऊवर आणून बसवायचा. मग त्या मापाने आठवडाभर गावाचं रक्त मोजायचं. ताईंना याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईच्या रक्ताने अख्ख्या गावाचं रक्त जोखलं जातंय, हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, नणंदेला सांगितलं होतं, आणि एकदा तर बसच्या रांगेत एका अनोळखी बाईलाही सांगितलं होतं. ती बाई जरा बाजूला सरकून उभी राहिली, तो भाग वेगळा.

तर अशा या मापताई तीन वर्षांपूर्वी थकायला लागल्या. सुरुवात जिन्यांवर झाली. दुसऱ्या मजल्यावर त्या चिठ्ठीवरचा पत्ता बघायच्या निमित्ताने थांबू लागल्या. पुढे निमित्त न शोधताच थांबू लागल्या. मग पेशंटच्या दारातल्या चपलांच्या कपाटावर आधी दोन मिनिटं बसायचं आणि नंतर रक्त काढायचं, असं सुरू झालं. घरी शेगडीसमोर उभ्या उभ्या डोळा लागायचा. रविवारी दुपारी आडव्या झाल्या की दिवेलागणीला उठायच्या, आणि झोपताना होत्या तेवढ्याच दमलेल्या असायच्या. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. "तुझी लिफ्ट तळमजल्यालाच अडकलीय बघ," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. नणंद हसायची नाही. ती लोकांना सांगायची की वहिनी पहिल्यापासूनच जरा अंगचोर, आता वयाचं निमित्त मिळालंय.

अंगचोर हा शब्द ताईंच्या जिव्हारी लागला. थकवा परवडला, पण हे नको. त्यांनी ठरवलं, याचं मूळ शोधून काढायचं आणि कागदावर छापून नणंदेच्या हातात द्यायचं. लॅब आपलीच, सुई आपलीच. एका हाताने दुसऱ्या हाताला पट्टा बांधायचा, टोक दातात धरायचं, आणि नळ्या भरायच्या. थायरॉइड ठीक आलं. साखर ठीक. बी-बारा आणि डी, दोन्ही व्हिटॅमिनं ठीक. क्रिएटिनिन अर्थातच पॉइंट नऊ. तंत्रज्ञ तर हसलाच, म्हणाला मापाला कसलं माप लावता ताई. हिमोग्लोबिन तेवढं दहाच्या खाली होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. चांगल्या होत्या त्या बाई, घाई करणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, किडनी बिघडली तरी रक्त असं कमी होतं, पण तुमची किडनी छान आहे. आणि बोट पुढे सरकलं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी पोट बिघडलं, बाकी काही सुधारलं नाही. गुडघे दुखतात म्हटलं तर दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या रोज घेतलेल्या किडनीला चालतील का, असं ताईंनीच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, पॉइंट नऊ आहे, चालतील. मग ताई रोज दोन घेऊ लागल्या, सकाळच्या घरांआधी एक आणि संध्याकाळी एक.

दुसऱ्या वर्षीही हिमोग्लोबिन हललं नाही. या वेळी डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवले आणि मऊ आवाजात विचारलं, घरी काही टेन्शन? मनावर काही? एखादा छंद लावून घ्या. घरी येताना ताई खरंच विचार करत होत्या की बसून करता येईल असा छंद कोणता. नवऱ्याने विचारलं, काय निघालं? काही नाही, त्या म्हणाल्या, सगळं नॉर्मल. तो म्हणाला, मग बरं झालं की. आणि ताईंना रडू आलं. सगळं नॉर्मल असून जे माणूस पलंगावरून उठत नाही त्याला काय म्हणतात, हे त्यांना नणंदेने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि हळूहळू त्यांनाही ते पटायला लागलं होतं.

एकच एक घर होतं जिथे त्यांना जावंसं वाटायचं. भूगोलाच्या बाई. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, भिंतीवर जगाचा पिवळा पडलेला नकाशा. बाईंनाही तोच आजार, म्हणजे थकवा. पाय सुजायचे, तोंडाला चव नाही, पुस्तक घेतलं की दुसऱ्या पानाला डोळे मिटायचे. दर तीन महिन्यांनी बाई तपासणी करायच्या आणि दर वेळी क्रिएटिनिन एक पॉइंट एक, नाहीतर एक पॉइंट दोन, म्हणजे अगदी कडेला पण आत. रिपोर्ट ताईच नेऊन द्यायच्या. चष्मा शोधायला बाईंना जिवावर यायचं, म्हणून वाचूनही दाखवायच्या. किडनी उत्तम आहे बाई, असं त्यांनी त्या खोलीत किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. गुडघ्याच्या गोळ्या मीही घेते, तुम्हीही घ्या, काही होत नाही, हेही त्याच म्हणाल्या होत्या. बाई म्हणायच्या, म्हणजे मी नुसती आळशी झालेय गं. मग पोरांना करायच्या तशी स्वतःलाच शिक्षा करायच्या, रोज संध्याकाळी घराला वीस फेऱ्या. ताई कधीकधी त्यांच्याबरोबर चार फेऱ्या मारायच्या, आणि दोघी मध्येच पायरीवर बसून एकमेकींना हसायच्या.

मग एका सोमवारी मशीनचा दिवा, ज्याच्या उजेडात ते रक्त मोजतं, तो गेला. दुरुस्तीवाला आठवड्याने येणार होता. साहेब म्हणाले, तोवर सगळी सॅम्पलं मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबला पाठवा. तंत्रज्ञाने नळ्या खोक्यात भरल्या. सोमवार होता, ताईंची नळी नेहमीसारखी स्टँडमध्ये पहिल्या भोकात होती, तिच्यावर नेहमीसारखं नुसतं 'माप' लिहिलेलं होतं, आणि सवयीने तीही खोक्यात गेली.

दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. तंत्रज्ञाने उचलला. ताई समोरच नळ्यांना चिठ्ठ्या लावत बसल्या होत्या.

"माप नावाच्या पेशंटला आजच्या आज किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवा," पलीकडची बाई म्हणाली. आवाज मोठा होता, ताईंनाही ऐकू आला. "क्रिएटिनिन दोन पॉइंट सहा आहे. वय किती त्यांचं?"

तंत्रज्ञ हसला. "अहो मॅडम, तो पेशंट नाही. ते आमचं माप आहे."

फोन ठेवून तो म्हणाला की त्यांचंच मशीन बिघडलेलं दिसतंय. बाकीचे रिपोर्ट आले तेही तसेच, सगळ्यांचे आकडे नेहमीपेक्षा चढे. बघा, तो म्हणाला, सगळंच जास्त दाखवतंय. सोमवारी कोणता फॅक्टर भरला ते तंत्रज्ञ एका वहीत लिहून ठेवायचा. ताईंनी ती वही मागून घेतली आणि पानं उलटली. तीन वर्षांचे सोमवार एकाखाली एक होते, आणि आकडा प्रत्येक पानावर थोडा थोडा खाली गेला होता. वर एकदाही आला नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. ताईंचा केर वाढत होता, मशीन दर सोमवारी ते इमानाने सांगत होतं, आणि हा भला माणूस दर सोमवारी त्याचं तोंड दाबून त्याला पुन्हा पॉइंट नऊ म्हणायला लावत होता. दुकानातला वजनाचा दगडच बदलत गेला, तर तराजूने काय करावं? आणि एकट्या ताईंचं झालं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्याच दगडाने गावही मोजलं होतं.

"मला वाटायचं दिवा जुना झालाय, म्हणून चढतंय," तंत्रज्ञ म्हणाला. लोकांचे आकडे अलीकडे फार कमी यायचे, हे त्याच्याही लक्षात आलं होतं. पण कमी आलं म्हणून कुणी तक्रार करत नाही. उलट तो एकदा गमतीने म्हणालाही होता, गावाच्या किडन्या सुधारल्यात. ताईंना त्याला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. पण हात पुढे कुणी केला होता दर सोमवारी? आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? त्यांनी वही मिटली आणि त्याला परत दिली.

किडनीचे डॉक्टर कमी बोलणारे होते. दोन्ही किडन्या मिळून पाचव्या हिश्श्याएवढं काम उरलंय, म्हणाले. गेलेलं परत येत नाही, आहे ते जपायचं, आणि पुढे कधीतरी मशीनवर रक्त साफ करायची वेळ येईल त्याची मनाची तयारी ठेवायची. मग त्यांनी विचारलं की दुखण्याच्या गोळ्या इतकी वर्षं कुणाच्या सांगण्यावरून चालू ठेवल्या. "रिपोर्ट चांगला होता," ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट कुठल्या लॅबचा ते विचारलं. ताईंनी सांगितलं. आणि तिथेच मी काम करते, हेही सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

नवऱ्याने ऐकलं आणि त्याची ती हाड नसलेली जीभ टाळ्याला चिकटली. त्या दिवसापासून तो घरात पाय न वाजवता चालू लागला. लिफ्टवरचा विनोद त्याने पुन्हा केला नाही, आणि ताईंना त्या विनोदाची कधी नव्हे ती आठवण यायला लागली. नणंदेला कागद मिळाला, अगदी छापील, मोठ्या हॉस्पिटलचा. ती वाचून म्हणाली, "अगंबाई, म्हणजे खरंच होतं की." तीन वर्षं ताई या एका वाक्यासाठी जगल्या होत्या. ते मिळालं आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

साहेबांकडे त्या स्वतः गेल्या. म्हणाल्या, ज्यांचं ज्यांचं रक्त आपण मोजलं त्यांना बोलावून पुन्हा मोजू. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले की लोकांत घबराट पसरवण्यात अर्थ नाही, ज्याला त्रास होईल तो आपणहून डॉक्टरकडे जाईलच, आणि नवीन बाटली मागवली आहे. तुमच्या उपचारांचं मी बघतो, असंही म्हणाले. ताईंना समजलं. साहेबांनी प्रकरणावर पांघरूण घातलं होतं आणि त्या पांघरुणात त्यांच्यासाठीही जागा करून दिली होती.

तरी त्या गेल्या. ज्यांचे थकलेले चेहरे आठवत होते, त्यांच्या दारात. पहिल्या घरातल्या माणसाने विचारलं की लॅबचा धंदा बसलाय का, एकच तपासणी दोनदा विकताय ती. दुसऱ्या घरातला पेशंट वर्षापूर्वीच वारला होता. कशाने, ते त्याच्या सुनेला नीट सांगता आलं नाही. शेवटी शेवटी नुसता झोपून असायचा, म्हणाली. तिसरं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. ताई दुसऱ्या मजल्यावर बसल्या. अर्धा तास बसल्या. मग उठल्या आणि खाली उतरल्या. तीन वर्षांचं गाव पायी फिरायला जे अंगात असावं लागतं, तेच तर त्यांच्या अंगात उरलं नव्हतं.

पण भूगोलाच्या बाईंकडे जायचं टळणार नव्हतं. ताईंनी त्यांचं रक्त काढलं आणि मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. आकडा आला तीन पॉइंट चार. रिपोर्ट घेऊन त्या गेल्या तेव्हा बाई खुर्चीत होत्या, पाय स्टुलावर. ताईंनी या वेळी वाचून दाखवायच्या आधी सगळं सांगितलं. माप, सोमवार, फॅक्टर, काहीएक न लपवता. आणि गोळ्या घ्या म्हणून मीच सांगितलं होतं, हेही. बाई शिव्या देतील, रडतील, निदान दार दाखवतील, असं त्यांना वाटलं होतं. त्यांना ते हवंच होतं.

बाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि चष्मा न शोधताच घडी घालून मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी आळशी नव्हते," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

"दोन वर्षं मी स्वतःला काय काय बोलले गं." त्यांनी सुजलेल्या पायांवरून हात फिरवला. "वीस वीस फेऱ्या मारायला लावल्या यांना."

रक्त साफ करायच्या मशीनवर जायला बाईंनी नकार दिला. आठवड्यातून तीनदा कोण नेणार आणि कशाकरता, असं त्यांनी शांतपणे विचारलं. निघताना बाई म्हणाल्या, तू येत जा, सुई न घेता ये. ताई दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि शेजारच्या बाईने सांगितलं की परवाच हॉस्पिटलमध्ये नेलं, आता काही खरं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ताई लॅबमध्ये आल्या. न येऊन करणार काय? एकोणीस वर्षांत दुसरं काही शिकल्या नव्हत्या, आणि उपचारांचं साहेब बघणार होते. मशीनला नवा दिवा बसला होता, ते गुरगुरत तापत होतं. स्टँडमधलं पहिलं भोक रिकामं होतं. बाटलीचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. तंत्रज्ञ म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, येईल. कधी ते त्याला माहीत नव्हतं. मग त्याने शर्टाची बाही कोपरावर दुमडली आणि हात टेबलावर ठेवला.

"माझं हॉस्पिटलमधून तीनदा तपासून आणलंय," तो खाली बघत म्हणाला. "एक पॉइंट शून्य. बाटली येईपर्यंत चालवू. पंधरा घरांची सॅम्पलं येऊन पडलीत ताई, काहीतरी माप तर हवं."

ताईंना नाही म्हणता आलं असतं. मग त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, किंवा टोक दातात धरून स्वतःच पट्टा बांधला असता, जसा त्यांनी बांधला होता. आणि ती पंधरा घरं दुपारी रिपोर्टची वाट बघणारच होती. त्यांनी खुर्ची ओढली, पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली. शीर चांगली होती, ठसठशीत. कापसाने जागा पुसता पुसता त्यांनी विचारलं,

"भाऊ, तुम्हाला थकवा वाटतो का हल्ली?"

"थकवा कुणाला नसतो, ताई," तंत्रज्ञ म्हणाला.

त्यांनी त्याला मूठ आवळायला सांगितलं आणि सुई आत घातली.